जामसरला दिलेली ब्लँकेटे

जव्हार, रविवार, २२ सप्टेंबर १९१८

काल संध्याकाळी मुंबईहून परत पोचले. डोळ्यांच्या डॉक्टराने नवा चष्मा दिला आहे. त्यातून अक्षरे सरळ दिसतात आणि माणसे वाकडी. सवय होईल म्हणाला. डहाणू रोडपर्यंतच्या आगगाडीत समोरचे गृहस्थ उपरण्यात तोंड खुपसून सबंध वाट खोकत होते. मी त्यांच्या बायकोला विचारले, यांना अंथरुणात ठेवायचे सोडून प्रवास कसला घडवता? तिने तोंड फिरवले. पुढे बैलगाडीने घाट चढताना माझेच अंग मोडून आले. वय झाले, दुसरे काय.

सोबत ब्लँकेटांचा मोठा गठ्ठा आणला आहे. मुंबईतल्या एका स्त्री-मंडळाने लढाईवर गेलेल्या गड्यांच्या घरच्यांसाठी दिली. गाडीत मी त्याच गठ्ठ्यावर डोके टेकून झोपले. धोंडीबाईने तो उतरवताना नाक मुरडले.

"बाय, याला माणसाचा वास हाय."

"मेंढीचा असेल."

"मेंढी मना ठावं हाय," ती म्हणाली.

धोंडीबाई इथून जवळच्या जामसर पाड्याची. नवरा गेला, जमीन कधी नव्हतीच. माझ्याकडे पाणी भरते, नाचणीची भाकरी भाजते आणि माझ्या स्वयंपाकघरावर राज्य करते. इकडची माणसे सगळ्यांना अरे-तुरे करतात. पहिल्या दिवशी तिने मला 'तू' म्हटले तेव्हा मी चपापले होते. तीस वर्षे मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होते, कोणी 'अहो'खेरीज बोलले नव्हते.

गुरुवार, २६ सप्टेंबर

नाक चोंदले आहे, घसा खरवडल्यासारखा. तरी वर्ग घेतला. इतिहासाचे मास्तर फौजेचे कारकून होऊन बसऱ्याला गेले, म्हणून पेन्शनीतून मला ओढून आणले, आणि हेडमास्तर पाहुण्यांपुढे मला 'तात्पुरती सोय' म्हणतात. सोय काय, मी धर्मशाळा आहे?

दसऱ्याला सैन्यभरतीची सभा आहे. अमेरिका आता आपल्या बाजूने लढते आहे, तेव्हा वरच्या वर्गाला अमेरिकेचा इतिहास शिकवा असा हुकूम. पुस्तक नाही. पण कॉन्व्हेंटमधल्या आमच्या आयरिश मदरचा भाऊ तिकडे गेला होता, आणि मदरने आम्हाला जे सांगितले ते माझ्या डोक्यात पक्के आहे. गोऱ्यांची वस्ती पश्चिमेकडे सरकत गेली, जंगल तोडत, नकाशावर रेघा ओढत. मूळचे लोक रेघेच्या पलीकडे, मग त्याच्याही पलीकडे. एका किल्ल्यातून देवीच्या रोग्यांची ब्लँकेटे त्या लोकांना भेट म्हणून दिली गेली, तेही सांगितले. इतिहास शिकवायचा तर गोड गोड शिकवू नये.

देवजी उभा राहिला. हा जामसरच्या ढवळू पाटलाचा मुलगा, वयाने वर्गात सगळ्यात मोठा, आवाज खणखणीत. सभेत भाषण तोच करणार आहे.

"बाई, ती माणसं मेली. मग त्यांचे देव कुठं गेले?"

वर्ग हसला. मला हसू आले नाही. मी म्हटले, ते परीक्षेत विचारत नाहीत.

नंतर हेडमास्तरांना हे सांगितले तर म्हणाले, "यांच्या वाघदेवाला आणि हिरवादेवाला आपल्या शास्त्रात जागाच नाही, तर त्यांनी अमेरिकेतल्या देवांची काळजी कशाला करावी?" मी विचारले, तुमच्या शास्त्रातले देव घाट चढून इकडे कधी आले होते? ते शिंकले आणि विषय टळला. वर्गातही चार-पाच जण शिंकत आहेत. हवा बदलली.

रविवार, २९ सप्टेंबर

जामसरला जाऊन आले. अंगात कणकण होती, पण दिलेला शब्द मोडायचा नाही. धोंडीबाईने गठ्ठा डोक्यावर घेतला, मी छत्री घेतली.

पाऊस अवेळी थांबल्यामुळे भात पोटरीतच वाळले आहे. लोक उंबऱ्यात बसून होते. दान लांबून फेकू नये, हाताने द्यावे, हे मदरचे शिकवणे. म्हणून प्रत्येक बाईच्या खांद्यावर मी स्वतः ब्लँकेट घातले, गळ्याशी नीट गुंडाळले. देवजीची आई फागी लाजून मागे सरत होती, तिला जवळ ओढून पांघरले. खोकल्याची उबळ आली तेव्हा तिनेच माझी पाठ चोळली. तुळशी म्हातारीने तर माझे दोन्ही हात आपल्या गालांना लावले.

ढवळू पाटील म्हणाला, "बाय, तुजं हात तव्यावानी तापलं हाय."

"उन्हातून चालत आले ना," मी म्हटले.

परतताना बैलगाडी मिळाली. अशा दिवशी वाटते की आयुष्य अगदीच फुकट गेले नाही.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

माझे पडसे उतरले. धोंडीबाई दोन दिवस तापाने पडली होती, तीही उठली. पण मुंबईच्या वर्तमानपत्रात भलतेच वाचते आहे. नवा ताप, माणूस सकाळी उभा आणि दुसऱ्या सकाळी नाही. स्मशानात लाकूड पुरत नाही.

आणि तो इथे पोचला. जामसरची तुळशी म्हातारी गेली. फागी गेली. माझ्या पाठीला जिचा हात लागला होता, ती. देवजी शाळेत नाही. वर्गात रोज कमी डोकी दिसतात आणि कोणाचे नाव घ्यायची मला भीती वाटते, कारण कोणीतरी उठून सांगते, "त्याच्या घरी पण."

इतक्या आडबाजूच्या पाड्यात हा ताप कोणी नेला असेल? भरतीचे लोक हिंडत असतात, त्यांच्यापैकीच कोणी. स्वच्छतेचा गंध नाही त्यांना.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

दसऱ्याची सभा झाली. झाली म्हणायची.

ठाण्याहून आलेले वकील दीड तास बोलले. क्षात्रधर्म, कुरुक्षेत्र, साम्राज्यावरचे संकट, अमेरिकेचे धैर्य. समोर बसलेल्यांतले निम्मे खोकत होते. वकीलसाहेबांनी त्या खोकल्याला टाळ्या समजून दोनदा मान लववली.

मग देवजी उठला. आई जाऊन आठवडा झालेला, डोक्याचे केस उतरवलेले. मी हळूच म्हटले, नको बोलूस आज. तो म्हणाला, "बाई, तुम्ही शिकवलंय. बोलतो."

मी लिहून दिलेले त्याने म्हटलेच नाही. पण बोलला अगदी माझ्यासारखा. तोच थांबायचा ढंग, तोच हात वर नेऊन खाली आणायचा. "अमेरिकेत जंगलातल्या लोकांना ब्लँकेटं दिली. गोड बोलून दिली. मग ती माणसं मेली आणि रान मोकळं झालं. आमच्या पाड्यातबी ब्लँकेटं आली. रान मोकळं होतंय. सरकारला भरतीला माणसं पायजेत, तर जिवंत माणसं कुठून आणनार?"

हेडमास्तरांनी त्याला बाहीला धरून खाली ओढले. कोणी ओरडले नाही.

सभा मोडल्यावर मी देवजीला गाठले. म्हटले, "मूर्खा, ती नवी ब्लँकेटे होती. मंडळाच्या बायकांनी दुकानातून आणली. कोणा रोग्याने वापरलेली नव्हती." तो म्हणाला, "मग वास कसला होता, बाई? माझी आय म्हणत होती, घोंगडीला माणसाचा वास हाय."

मी म्हटले, मेंढीचा.

शनिवार, १९ ऑक्टोबर

जामसरच्या माघ्या भगताने दाणे पाहिले. सुपात तांदूळ घेऊन एकेक नाव घ्यायचे, आणि कुठल्या नावावर दाणे ठरतात ते बघायचे, अशी त्यांची रीत. दाणे धोंडीबाईवर ठरले. गठ्ठा तिने डोक्यावरून आणला. ताप तिला आला आणि तिला सोडून गेला. म्हणजे ती भुताळी. माणसे खाणारी.

मला हसू आले होते, पण धोंडीबाईचे तोंड पाहून थांबले. ती चुलीपुढे बसली होती, चूल पेटवलेली नव्हती.

"बाय, माज्या मावशीला असंच धरलं व्हतं."

"मग?"

"मंग काय. झाडाला बांधली. उतरवली तवा मान पडली व्हती."

"आता तसे होत नाही. सरकार आहे, संस्थानचा दरबार आहे."

"तवाबी व्हतं," ती म्हणाली.

मी तडक मामलेदारांकडे गेले. ते पांघरूण घेऊन पडूनच बोलले. शिपाई निम्मे आजारी, उरलेले घाबरलेले. "बाईसाहेब, तक्रार गुन्हा घडल्यावर घ्यायची असते." मी म्हटले, मग गुन्हा घडून ती तुमच्याकडे स्वतः चालत येईल अशी वाट पाहू का? ते म्हणाले, तिला काही दिवस घरात ठेवा.

घरात ठेवली आहे. झऱ्यावर मीच जाते. बाजारात बायका माझ्यासाठी वाट सोडतात. पूर्वीही सोडत, पण आता तोंडावर पदर धरून सोडतात.

बुधवार, २३ ऑक्टोबर

शाळा बंद. हेडमास्तर तापाने गेले. त्यांना मी 'सोय' या शब्दावरून किती बोलले होते.

दुपारी माझा डोळा लागला तेवढ्यात धोंडीबाई झऱ्यावर गेली. मी पाणी आणते ते तिला बघवत नव्हते. कळशी झऱ्यावर आडवी सापडली. गुराख्याच्या बायकोने सांगितले, जामसरचे लोक होते, ढवळू पाटील होता. तिने आरडाओरडा केला नाही, स्वतःच्या पायाने गेली.

मामलेदारांच्या घराला आतून कडी. उद्या पहाटे मी जामसरला निघते.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर. मोखाडा

काल काय झाले ते आज लिहिते.

जामसरच्या शिवेवर गावदेवीचे झाड आहे. धोंडीबाई बुंध्याशी बसलेली, हात मागे. उरलेला पाडा भोवती. उरलेला म्हणजे किती थोडा. माझी सगळी ब्लँकेटे एका ढिगात टाकलेली. माघ्या भगत म्हातारा आहे, एका डोळ्याने अधू, मला वाटले होते तसा भेसूर वगैरे काही नाही. तोही खोकत होता.

मी बोलू लागले. कायदा सांगितला. मुंबईत, पुण्यात, विलायतेत हाच ताप आहे आणि तिथे धोंडीबाई गेलेली नाही, हे सांगितले. गीतेतले सांगितले, देवीच्या नावाने हात जोडले. मला बोलता येते अशी माझी समजूत होती. शाळेच्या समारंभात माझ्या भाषणाने बायका रडत असत. इथे एक माणूस डोळे मिटून उभा होता, एक बाई मुलाच्या नाकाला पदर लावत होती, बस्स. देवजी म्हणाला, "बाई, झालं? आता आमचं करू द्या." ढवळू पाटलाने दोर उचलला.

तेव्हा मी म्हटले, "तिला सोडा. मी आणली."

सगळे वळले.

"साथ मी आणली. मुंबईला ताप होता तिथून मी आले. आगगाडीत तापलेला माणूस माझ्यासमोर बसला होता. मी या ब्लँकेटांवर डोके ठेवून झोपले. मी खोकत होते. फागीला मी जवळ ओढली, तिच्या गळ्याशी मी गुंडाळले. ढवळू, माझे हात तापले होते ते तूच बघितलेस. धोंडीने फक्त ओझे वाहिले. तिला माझ्यापासूनच ताप आला. भुताळी शोधता ना, ती मी."

एवढे मोठे खोटे मी जन्मात बोलले नव्हते. मदर म्हणत, खोटे बोलणाऱ्याला एक खोटे लपवायला दहा लागतात. मला एकही लागले नाही. एकेक गोष्ट खरीच होती, नुसती एकापुढे एक मांडत गेले आणि ते आपोआप उभे राहिले.

मला वाटले होते, आता दगड येतील. कोणी हलले नाही. कोणाच्या तोंडावर आश्चर्यसुद्धा नव्हते. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

माघ्या म्हणाला, "ठावं हाय, बाय."

"काय ठाऊक आहे?"

"जी खोकत आली ती तूच. पोरंबी सांगत. पन दाना टाकताना नाव आमी घ्यावं लागतं. तुजं नाव कोन घेल? तुज्या मागं दरबार हाय. तुना हात लावला तं सकाळी शिपाय येल, पाडा उठवल. हिच्या मागं कोन हाय?"

मी म्हटले, "मग आता तर मीच माझे नाव घेतले आहे."

त्यांनी बराच वेळ आपसांत बोलणे केले. मग माघ्याने निवाडा सांगितला. ज्याने आणली त्याने ती शिवेबाहेर न्यायची. राज्याची हद्द ओलांडायची, वाटेत कोणाच्या घरी पाणी प्यायचे नाही, मागे पाहायचे नाही. "परत आलीस तं ती तुज्यासंगं परत आली आसं आमी समजू. मंग हिला राखनार नाय."

ब्लँकेटे पेटवली. चांगली लोकर, करपल्याचा घाण वास सुटला. धोंडीबाईचे हात सोडले तशी ती मनगटे चोळत माझ्याजवळ आली.

"बाय, तू खोटं बोललीस कं?"

"हो," मी म्हटले. "तुझ्यासाठी."

"बरं," म्हणाली. तिच्या त्या 'बरं'ने मला बरे वाटले नाही.

मी मोखाड्याच्या वाटेला लागले. मोखाडा इंग्रजी मुलखात, म्हणजे यांच्या हिशेबी पलीकडे. देवजी आणि आणखी दोघे हद्दीपर्यंत मागून चालत होते. वाटेत एका घरातून कोणी मला पाणी आणले, मी घेतले नाही. रेघेपलीकडे ढकलले जाणे म्हणजे काय ते वर्गात शिकवणे सोपे होते.

शनिवार, २ नोव्हेंबर. मोखाडा

इथल्या एका निवृत्त कारकुनाच्या पडवीत राहते आहे. ताप इथेही आहे, माझ्याआधीपासून. हे मी आल्या आल्या चौकशी करून नक्की केले. पहिला माणूस बाजाराच्या दिवशी पडला, मी यायच्या आठवडाभर आधी. हे कळल्यावर मी रडले. का रडावे, मला तर ते खोटे होते हे माहीतच होते.

घरमालकीण विचारते, बाई, तुम्ही जेवणाचे ताट पडवीतच का मागता, आत या. मी म्हणते, सवय आहे.

गुरुवार, १४ नोव्हेंबर. मोखाडा

लढाई संपली. कचेरीपुढे ताशे वाजले. वाजवणारे तिघेच होते, चौथा गेल्या आठवड्यात गेला.

दुपारी जव्हारहून अनंता आला, शाळेचा शिपाई. साथ उतरते आहे. दरबाराने विजयाची मोठी सभा ठरवली आहे, शाळा उघडायची आहे, हेडमास्तरांच्या जागी काही दिवस मीच बसावे. मामलेदारसाहेब बरे झाले आहेत. त्यांचा निरोप असा की बाईसाहेबांसारख्या शिकलेल्या बाईने अडाण्यांच्या धमकीला घाबरून देशांतर करावे याचे नवल वाटते. सोबत दोन शिपाई देतो, सरळ या.

"धोंडीबाई कशी आहे?" मी विचारले.

"हाये की. पाटलाच्या घरी भात झोडती. कोन काय बोलत नाय तिला." मग खाली बघत म्हणाला, "पर पाड्यात रोज इचारत्यात, बाय आली कं, बाय आली कं."

मी आत गेले, चष्मा पुसला, परत आले. हेडमास्तरांची खुर्ची. तीस वर्षे मुलींच्या शाळेत बसूनही अशी खुर्ची मुलग्यांच्या शाळेत मला कोणी दिली नसती. आणि शिपाई बरोबर असते तर जव्हारमध्ये माझ्या केसालाही धक्का लागला नसता. माझ्या.

"साहेबांना सांग," मी म्हटले, "मी येत नाही."

"कारन काय सांगू?"

"सांग की मी भुताळी आहे."

अनंता मोठ्याने हसला. मला घशात खवखवले म्हणून मी तोंडावर पदर धरून खोकले, तसा तो हसता हसता पडवीवरून खाली उतरला आणि अंगणात लांब जाऊन उभा राहिला. त्याला ओशाळल्यासारखे झाले. "तसं नाय बाय," म्हणाला, "पर घरी लहान पोर हाय."

"तिथेच उभा राहा," मी म्हटले. "तिथूनच जा."